गॅसच्या टाकीची जागा प्रीतमला का नाही

मी, सत्यवान विठोबा तोंडवळकर, लोकांचा भाई, वय वर्षे बाहत्तर, धंदा चुली, बंब व गॅसच्या टाक्या बनवणे, राहणार तोंडवली, तालुका मालवण, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय करायचे ते धडधाकट डोक्याने आणि कोणाच्या धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. वार मी सांगितला, आणि त्यांच्या डोक्यावरच्या पंख्याचे बेअरिंग महिनाभरात जाणार हेही सांगितले. दाखल्यात फक्त वार आला आहे.

हा मसुदा कुडाळच्या वकील अनुजा परुळेकर यांनी तपासला. त्या म्हणाल्या, "भाईकाका, मृत्युपत्रात शिव्या घालत नाहीत." मी म्हटले, शिव्या नाहीत त्या, वर्णने आहेत. त्यांनाच मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमतो.

१) माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित म्हणावी अशी एकच वस्तू माझ्याकडे आहे, ती म्हणजे माझे कान. चौदाव्या वर्षी मालवण बंदरावर बर्फ फोडला, विसाव्या वर्षी वेल्डिंग शिकलो, तिसाव्या वर्षी कसालला हायवेवर स्वतःचे दुकान टाकले. पहिला मोठा बंब एका काजू कारखान्याला दिला. माझी बायको राधाबाई तिथेच त्या बंबावर बिया भाजायला जायची. खोकला तिने घरी आणला. धूर मी पाठवला होता. ती गेल्यावर धूर करणारी एकही वस्तू मी बनवली नाही. त्यानंतर खानावळी, काजूवाले, घरात पाहुणे ठेवणारे, सगळ्यांच्या दारात जाऊन कमी लाकडाच्या बिनधुराच्या चुली, सांडपाण्याचे शोषखड्डे आणि खरकट्याच्या गॅसच्या टाक्या बसवत फिरलो. माणसे मला तेव्हा खरी कळली. न कळती तर बरे झाले असते.

२) कसालचे दुकान, वेल्डिंगचे सामान व चालू कामे शिवा लाड याला. बावीस वर्षे तो माझ्याकडे आहे. गिऱ्हाईकाला "उद्या देतो" सांगून त्याने खरोखर उद्या दिलेले मी पाहिले आहे. असा दुसरा वेल्डर या जिल्ह्यात मला माहीत नाही.

३) दुकानामागे लाकडांवर अंथरलेला एक फ्लेक्स आहे. त्यावर "प्लास्टिकमुक्त लघुउद्योग कार्यशाळा" असे लिहिले असून खाली हात जोडलेल्या सात जणांचे फोटो आहेत. शहरातून आलेल्या एका संस्थेने हा मेळावा घेतला. एसी एवढा थंड ठेवला होता की आमचे खानावळवाले खांद्यावरचे पंचे पांघरून बसले. साहेबांनी पडद्यावर हिरवी पाने दाखवली. जेवणात प्रत्येकाच्या पानासमोर प्लास्टिकची बाटली होती. शेवटी "हरित उद्योजक" असा दाखला सर्वांना मिळाला, ज्याला चूल म्हणजे काय ते ठाऊक नव्हते त्यालाही. सदर फ्लेक्स संस्थेला सन्मानपूर्वक परत द्यावा. सात पावसाळे झाले, अजून फाटलेला नाही. साहेबांचे बोलणे जेवण होईपर्यंतही टिकले नव्हते.

४) आमचे शेजारी बाबली मयेकर यांना चार इंची पाइपाचे एक बूच. त्यांच्या पाहुणेघरावर "निसर्गाच्या कुशीत" अशी पाटी आहे. त्या कुशीत त्यांनी मागून एक पाइप सोडला आहे. सकाळच्या ओहोटीला समुद्र गप्प असतो, तेव्हा तो वाहताना मला पडवीत बसून ऐकू येतो. मी एकदा विचारले तर म्हणाले, "भाई, तो पावसाचो पाणी." महिना एप्रिल होता. बूच रबराचे आहे, घट्ट बसते.

५) राहते घर, बागेतली मी लावलेली आंब्याची कलमे आणि राधाबाईचे दागिने मुलगा प्रीतम याला. प्रीतम मुंबईत मोठ्या कंपन्यांना त्या किती हिरव्या आहेत याचा अहवाल लिहून देतो. अहवाल जाड असतो. मी एक वाचला; त्यात कंपनी कोठे आहे ते शेवटपर्यंत कळले नाही.

मात्र रस्त्यालगतची सहा गुंठे जागा व तिच्यावरील गॅसची टाकी प्रीतमला मिळणार नाही. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर कोर्टात तो म्हणेल की बापाचे डोके फिरले होते. यंदा चतुर्थीला तो घरी आला होता. मी न्हाणीघरात पंपाचा वॉशर बदलत होतो. खिडकीबाहेर तो कोणाला तरी फोनवर सांगत होता, "जागेचं टेन्शन घेऊ नका. बाबा आहेत तोवर थांबू. टाकी एका दिवसात निघेल. आठ कॉटेज बसतील, नावात इको टाकू." मी वॉशर बसवला, पंप चालू केला. त्याला वाटले, मला आवाजात काही ऐकू आले नाही. चाळीस वर्षे ग्राइंडरशेजारी उभा राहून मी माणसे काय बोलतात ते ऐकत आलो आहे.

६) सदर जागा व टाकी मी श्रीमती काशीबाई जनार्दन केळुसकर, खानावळ, तोंडवली, यांना देत आहे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत आणि त्यांनी माझ्याबद्दल आजवर एक चांगला शब्द काढलेला नाही.

टाकी बांधून झाली तेव्हा मी गावातल्या अकरा खानावळी आणि पाहुणेघरांच्या मालकांना बोलावले. सगळ्यांनी खरकटे आणि माशांची घाण खाडीत न टाकता रोज टाकीत आणायची, गॅस पाइपाने लगतच्या चार स्वयंपाकघरांना द्यायचा, खालचा रबडा माडांना खताला. आपल्या रिवाजाप्रमाणे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. गावचे मानकरी गावकार म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ही अकरा घरा आज एक झाली हत. ह्येंच्या हातान ह्या काम तडीक ने रे म्हाराजा!" अकराही जण गरजले, "व्हय म्हाराजा!" मला वाटले, देवासमोर बोलले, आता कोण मागे फिरतो? या वयाला एवढा खुळेपणा शोभत नाही. दुसऱ्या दिवशी कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशी बाबलीकडून प्रसादाचे ताट तेवढे परत आले.

काशीबाई गाऱ्हाण्याला नव्हत्या. त्यांना मी बोलावलेच नव्हते, कारण आदल्या आठवड्यात त्यांनी तोंडावर सांगितले होते, "भाई, माका जमूचा नाय. माझी चूल सकाळी साताक पेटता. तुझो गॅस कधी पेटतलो ता देवाकच म्हायत." चौथ्या दिवशी त्याच बाई माशांच्या घाणीची बादली घेऊन टाकीपाशी उभ्या.

मी म्हटले, "तुमी तर नाय म्हणालात?"

"नायच म्हणतंय. पण तुझी टाकी बघूक इलंय. ह्या तोंड कोणी ठेवलान हयसर?"

"मी. कित्या?"

"तुझ्या छातीक लागता ता. माझ्या डोक्याक लागता. बादली तू उचलतलंस रोज?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडवलीच्या कुठल्या खानावळीत मालक बादली उचलतो? बादली उचलतात त्या बायका. मी बोलावले मालकांना, होकार घेतला मालकांचा, माप घेतले माझ्या छातीचे. वर त्या साहेबांना हसत होतो. त्यांच्याइतकाच मी मूर्ख, फक्त माझ्याकडे एसी नव्हता.

त्याच दिवशी टाकीचे तोंड फोडून गुडघ्यापर्यंत खाली आणले. महिन्याभरात नऊ स्वयंपाकघरांतल्या बायका बादल्या घेऊन येऊ लागल्या. मालकांपैकी अजून एकालाही टाकी कोणत्या बाजूला उघडते ते माहीत नाही, पण पाहुण्यांना दाखवायला सगळे आणतात. "हो आमचो प्रोजेक्ट," असे बाबली म्हणताना मी स्वतः ऐकले आहे. आणि बाबलीची बादली अजून आलेली नाही.

टाकी बंद पडली तर चार चुली विझतील आणि नऊ घरांची घाण पुन्हा खाडीत जाईल. म्हणून ती अशा माणसाकडे जावी जो नाही म्हणायला भीत नाही. टाकीच्या डागडुजीसाठी माझ्या बँकेतल्या ठेवीही त्यांच्याच नावे. काशीबाईंनी नाकारल्यास हे सर्व शिवाकडे जावे. कोणत्याही समितीकडे जाऊ नये.

७) हे कलम मसुद्यात नव्हते, काशीबाईंमुळे घालावे लागले. वरची दोन्ही कलमे, पाचवे आणि सहावे, मी त्यांना या सोमवारी सकाळी वाचून दाखवली. त्या भाकऱ्या थापत होत्या. शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "ह्या तुझ्या झिलाक सांगलंस?"

"माझ्या मागे कळतला त्येका."

"वा रे! तो तुझ्या फाटी बोल्लो म्हणान तू चिडलंस. आणि तू तर मरान गेल्यार बोलतलंस. तुझ्यापेक्षा तो बरो, जितो आसताना तरी बोल्लो. मेल्या, आदी त्येका तोंडान सांग, मगे माका दी. नायतर नको माका तुझी टाकी."

भाकरी करपल्याचा वास आला, त्याबद्दलही त्यांनी मलाच बोल लावला.

मंगळवारी प्रीतमला फोन केला आणि पाचवे व सहावे कलम शब्दन्‌शब्द वाचून दाखवले. तो भांडला. मी आयुष्यभर लोकांच्या चुलींत डोके घातले आणि त्याच्या शाळेचे तोंड पाहिले नाही, म्हणाला. आई खोकत होती तेव्हा मी कोणाचा तरी बंब बसवत होतो, म्हणाला. यातले काही खोटे नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो. तासभर तो बोलत होता आणि एकदाही इंग्रजी शब्दामागे लपला नाही. इतके सरळ तो माझ्याशी यापूर्वी कधी बोलला नव्हता. त्याचे बोलणे मला आवडले. कलम बदललेले नाही.

शेवटी म्हणाला, "शनिवारी येतो. समोर बसून बोलू. तोपर्यंत कुठे सही करू नका, बाबा."

तो माझा मुलगा आहे. समोर बसला तर मी विरघळेन, हे मला ठाऊक आहे, आणि त्यालाही. त्याच्यासाठी शनिवारी बांगडे आणून ठेवायला सांगितले आहेत. आज गुरुवार आहे. म्हणून सही आज करतो.

ठिकाण: मालवण
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

(सही) सत्यवान विठोबा तोंडवळकर

वरील सही भाईंनी आमच्यादेखत, स्वतःच्या हाताने व चष्मा लावून केली. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे त्यांनी आम्हाला दोनदा बजावले.

साक्षीदार
१) (सही) सावित्री गणेश कांदळगावकर, निवृत्त शिक्षिका, तोंडवली
२) (सही) चंदन रामा परब, पोस्टमन, मालवण