तक्रारी कमी होत आहेत

सोमवार, ३ मार्च. सकाळ.
आज आमच्या ब्राउझरची नवी आवृत्ती बाहेर पडली. वरची आडवी पट्टी काढून डावीकडे उभी केली आहे. तिच्यावरची नावं गेली, फक्त चित्रं उरली. कल्पना पूर्णपणे माझी. त्या जुन्या पट्टीकडे बघून मला कित्येक दिवस गुदमरायला होत होतं. लोक आधी ओरडतील, मग त्यांना सवय होईल, मग म्हणतील की इतके दिवस आपण कसं काय चालवून घेतलं.
संकल्प : दुपारपर्यंत प्रतिक्रिया वाचायच्या नाहीत. कोणालाही उत्तर द्यायचं नाही.

त्याच दिवशी, दुपारच्या बऱ्याच आधी.
वाचल्या. झ्वोले शहरातला एक गृहस्थ लिहितो की ज्याने हे केलं त्याच्या स्वयंपाकघरात शिरून कोणीतरी सगळे डबे हलवा आणि लेबलं खरवडून काढा. एक बाई लिहितात, दुसरं लग्न केलं तेव्हाही मला इतकं नव्याने शिकावं लागलं नव्हतं.
उत्तरं दिली. सविस्तर. केवळ गैरसमज दूर व्हावेत म्हणून.

रविवार, ९ मार्च.
बाबांचा फोन. कॉफीच्या वेळेला, दर रविवारी येतो तसा. आई गेल्यापासून कालव्याकाठच्या घरात एकटेच असतात. सगळी नोकरी बोटींसाठी पूल उचलण्यात गेली. फोनवर खुशाली वगैरे विचारत नाहीत, थेट तक्रार. म्हणाले, अरे सिब्रेन, वर होतं ते डावीकडे नेऊन काय मिळवलंस? मी पुलाची बटणं अशी हलवली असती तर अर्धा फ्रीसलँड प्रांत पाण्यात गेला असता. आणि ती चित्रं बघावीत तर सगळी एकसारखीच, धूसर.
धूसर! हा शब्द मोलाचा आहे. लगेच लिहून घेतला. पुढच्या आवृत्तीत चित्रांचे रंग गडद करायचे.

सोमवार, १० मार्च.
बाबांची सूचना ऑफिसातल्या हिस्केला सांगितली. लोकांच्या तक्रारींना उत्तरं देण्याचं काम खरं तर तिचं. तिने बाबांचं वय विचारलं. ऐंशी होतील म्हणालो. तर म्हणते, मग रंग कसले गडद करतोस, आधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला असं चाललंय तुझं.
मुलगी हुशार आहे, पण तिला डिझाइनची दृष्टी नाही.

रविवार, २३ मार्च.
पुन्हा बाबा. आता पेपरही धूसर दिसतो म्हणे. पेपर माझ्या खात्यात येत नाही, असं मी हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. मग विचारलं, गुरुवारी, तीन एप्रिलला मोकळा आहेस का? नेमकी त्याच दिवशी गडद रंगांची आवृत्ती निघते आहे, म्हणजे त्यांच्याच सूचनेवरून. तसं सांगितलं. पुढच्या आवृत्तीत सगळं नीट दिसेल म्हणालो.
मोकळा कशासाठी, ते विचारायचं राहिलं. पुढच्या रविवारी विचारायचं.

सोमवार, १४ एप्रिल.
तक्रारी झपाट्याने कमी होत आहेत! आलेख घसरगुंडीसारखा खाली आला आहे. आनंद माझा, म्हणून ऑफिसात केकही मीच नेला. हिस्केने खाल्ला नाही. म्हणाली, आपली माणसं भांडतात तोवर घरात असतात; गप्प झाली की कोट घालून निघाली समजायचं. वापरणारे किती उरले ते बघितलंस का?
नाही बघितलं. चांगलं चाललेलं काही लोकांना बघवत नाही.
बाबांचाही फोन नाही, सलग तिसरा रविवार. म्हणजे शिकले एकदाचे. आपण होऊन फोन करून त्यांच्या स्वावलंबनात लुडबुड करायची नाही, असं ठरवलं आहे. आज घरी आल्यावर दोनदा फोन हातात घेतला होता. ठेवून दिला.

शनिवार, ३ मे.
बाबांचा वाढदिवस. दिवाणखान्यात गोलात मांडलेल्या खुर्च्या, वाढदिवस एकाचा पण अभिनंदन आलेल्या प्रत्येकाचं, प्रत्येकाला केकचा एकच तुकडा. शेजारच्या चित्स्केबाईंचंही रीतीप्रमाणे बाबांबद्दल अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, तुमचंही अभिनंदन, आणि डोळा किती छान बरा झालाय नाही?
कुठला डोळा, असं मी सगळ्यांसमोर विचारलं.
उजवा. मोतीबिंदू. शस्त्रक्रिया तीन एप्रिललाच झाली. गाडीतून नेलं चित्स्केबाईंनी, आणलं त्यांनीच. आणल्यावर संगणकात दुसराच कुठला तरी ब्राउझर घालून दिला, तोही त्यांनीच. मी उठून बघितला. पट्टी वर, नावं ठळक.
बाबा रागावले नव्हते. म्हणाले, तुला सांगितलं होतं धूसर दिसतंय म्हणून. तू म्हणालास, पुढच्या आवृत्तीत बघू.
कोणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. येताना ट्रेनमध्ये फार लाज वाटली.

मंगळवार, ६ मे.
वापरणारे किती उरले ते बघितलं. खूप लोक गेले आहेत, आणि सगळ्यात जास्त भांडणारे सगळ्यात आधी गेले. साहेबांनी पट्टी पुन्हा वर न्यायला सांगितली. हो म्हणालो, वाद घातला नाही. हिस्के काहीच बोलली नाही. ती बोलली नाही याचीच आता धास्ती वाटते.

रविवार, १८ मे.
कॉफीच्या वेळेला मीच फोन केला. डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी येतो म्हणालो, रजा टाकली आहे. बाबा म्हणाले, कशाला, चित्स्केबाईंनी सगळं ठरवून ठेवलंय. पट्टी परत वर आणतोय असं सांगितलं. छान केलंस म्हणाले. शेवटी मी म्हणालो, बाबा, काही चुकत असेल तर सांगा. ब्राउझरचं सांगा, माझं सांगा, काहीही सांगा.
ते म्हणाले, नाही रे, सगळं ठीक आहे. मग फोन केल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले.
बाबांनी आजवर माझे कधी आभार मानले नव्हते.