मिरवणुकीचा नवा रस्ता

७ जून
रस्ता बदलला! चर्चच्या दारावर समितीचा कागद चिकटवलाय. यंदा गावच्या संताची, सान पिएत्रोची मिरवणूक आमच्या गल्लीतून उतरणार नाही. नव्या किनारारस्त्यानं जाणार – हॉटेलांपुढून, पाहुण्यांच्या खुर्च्यांपुढून. कारण काय, तर गल्ली उताराची आहे. चारशे वर्षं काय सपाट होती?
बाबांना सांगितलं नाही.

८ जून
"येणार ना तो गल्लीत?" बाबा दिवसातून चारदा विचारतात. मूर्ती वाहणारा भोई अंथरुणाला खिळला की मिरवणूक त्याच्या दारी थांबते, संताचं तोंड त्याच्याकडे वळवतात. इथला रिवाजच आहे तो. बाबांनी छप्पन्न वर्षं पुढचा डावा दांडा उचलला. गेल्या हिवाळ्यात पाय गेले. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षीचा सण काही दिसायचा नाही.
"येणार," म्हणाले मी. खोटं बोलताना आवाज किती गोड होतो माझा!

११ जून
ती लाल छत्रीवाली गाइड रोज अकराला आमच्या बाल्कनीखाली येऊन उभी राहते. पाठ केलेलं तेच म्हणते – हे शेवटच्या तांडेलाचं घर, ट्यूनाच्या जाळ्यांवर सत्तर माणसं त्याच्या एका शिट्टीवर हलायची, मुलगा समुद्रात बुडाला तरी तिसऱ्या दिवशी हा बाप संताच्या दांड्याखाली उभा राहिला, अशी या गावाची श्रद्धा!
तो मुलगा म्हणजे माझा भाऊ मेल्कियोरे. बावीस वर्षांचा होता. जाळ्याच्या नांगराचा दोर पायाला गुंडाळला गेला. एकतीस वर्षं झाली. आता तो दीड मिनिटाची गोष्ट झालाय, आइस्क्रीम चाटता चाटता ऐकायची.
मी वर चादरी वाळत घालत होते. मुद्दामच नीट पिळल्या नव्हत्या.

१४ जून
लेओलूकाकडे गेले. माझा चुलतभाऊ, भोयांचा मुकादम. तो घंटा वाजवतो तेव्हा मूर्ती उचलतात, पुन्हा वाजवतो तेव्हा टेकवतात. दांडा कसा धरायचा ते त्याला बाबांनीच शिकवलं. तो होड्यांना रंग देत बसला होता, डोळे वर केले नाहीत.
म्हणाला, "निन्फाताई, मी नुसता घंटा वाजवणारा. कुठे वळायचं ते बुस्काइनो ठरवतो. जा त्याच्याकडे."
गरज सरो वैद्य मरो. ट्यूना होता तेव्हा अख्खं गाव बाबांच्या दारात उभं असायचं.

१७ जून
बुस्काइनोकडे गेले, नाक मुठीत धरून. ट्यूनाचा कारखाना बंद पडला तेव्हा यानं मातीमोलानं घेतला. जिथे बायका मासे मिठात घालायच्या तिथे आता त्याच्या हॉटेलाचा पोहायचा तलाव. आयत्या बिळावर नागोबा! आणि वर समितीचा अध्यक्ष.
माणूस मात्र गोडबोल्या. बदामाचं सरबत दिलं, बाबांची चौकशी केली, डोळेही पुसले. मग हळूच म्हणाला, हॉलच्या मोठ्या भिंतीवर जुन्या काळाचं काहीतरी हवं, तांडेलाचा तो क्रूस अजून घरात आहे ना?
आहे. हंगामभर जाळ्यांच्या मध्यावर पाण्यात उभा असायचा. संतांची चित्रं खिळलेली, मिठानं पांढरा पडलेला. त्याला नमस्कार केल्याशिवाय एकही होडी जाळ्याला हात लावत नसे.
"तुम्ही गावाला क्रूस द्या, गाव तुमच्या वडिलांना संत देईल," म्हणाला. त्याच्या हॉटेलाला तो गाव म्हणतो.
सरबत संपवूनच उठले, लाज नाही मला.

१९ जून
दिला. बाबा झोपले असताना कपाटामागून काढला, चादरीत गुंडाळला. बुस्काइनोची दोन माणसं घेऊन गेली. एकाच्या हातून तो जिन्यावर आपटला. बाबा जागे झाले नाहीत.
दिवसभर जेवण गेलं नाही. बाबांसाठी केलेली रव्याची खीर शेजारणीला दिली.

२३ जून
दारावर नवा कागद लागला. आमच्या गल्लीचं नाव आहे! बाबांना सांगितलं. ते हसले. कित्येक महिन्यांनी हसले.

२६ जून
मेल्कियोरे बुडाला तो दिवस. पाद्री प्रसाद घेऊन घरी आले होते, बाबांनी झोपेचं सोंग घेतलं. ते गेल्यावर म्हणाले, मला उभं कर. दोनदा पडले. तिसऱ्यांदा कपाटाला धरून वीस आकडे मोजेपर्यंत टिकले.
मी म्हटलं, खुर्ची आहे की, संताला काय राग येणार आहे? तर माझ्यावरच डाफरले. "बसून नाही. उभंच राहायचंय मला."
या वयात एवढी भक्ती! मला तर देवाकडे मागायलाही काही सुचत नाही.

२९ जून, दुपार
दाढी करून दिली. सणाच्या पांढऱ्या सदऱ्यात आता ते दोनदा मावतील. बाल्कनीचं दार सताड उघडलंय, कठड्यावर लाल चादर. गल्लीत मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. ती लाल छत्री पण आहेच.

२९ जून, संध्याकाळ
आला. चोवीस जणांनी उतारावर मूर्ती पेलली आणि तोंड आमच्याकडे वळवलं. बँड थांबला. बाबा माझ्या खांद्याला धरून उभे राहिले, त्याच्याकडे बघत राहिले. मी रडत होते. खाली सगळेच रडत होते.
बाबा म्हणाले, "दार लाव."
मला कळेना.
"चर्चमध्ये काचेआड असतो. मिरवणुकीत मी त्याच्या पुढे, पाठ त्याच्याकडे. समोरासमोर आजच सापडलाय. माझा पोरगा नेला यानं. लाव दार, त्याच्या तोंडावर!"
"मग त्या वर्षी दांडा का उचललात, बाबा?"
"मी सोडला असता तर वजन बाकीच्यांवर पडलं असतं."
खाली लेओलूका घंटा धरून आमच्याकडे बघत होता.
मी दार लावलं. कडीसुद्धा घातली.