नानांच्या तेराव्याचं तूप

जळगाव, रविवार, १३ जानेवारी १९९१

आज नानांचं, माझ्या सासऱ्यांचं तेरावं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले, आणि पंगतीला काय, तर त्यांना आवडायची म्हणून वरण-बट्टी, वर तुपाची धार! डॉक्टर म्हणाले होते, जास्त तेलातुपाने या रोगाचा धोका वाढतो असा संशय आहे, पण खात्री नाही. घरच्या या शहाण्यांनी तेवढं 'खात्री नाही' बरोबर ऐकलं. दीर तर ढेकर देत म्हणाले, "नानांना दृष्टच लागली कोणाची." आणि ताट पुढे केलं, "वहिनी, हात आखडू नका."

नानाही रोज हेच म्हणायचे, "हात आखडू नको, सूनबाई." किती सुखावायचे मी! या लोकांना कसली नावं ठेवतेय? तुपाचं भांडं बारा वर्षं माझ्याच हातात होतं.

आजही होतं. दिरांच्या बट्टीवर मी भरपूर ओतलं.