तक्त्याची शेवटची ओळ

४ ऑगस्ट
जिन्यात जाऊबाई भेटल्या. म्हणाल्या, "अगं, तुझी लेक टीव्ही बघताना डोळे बारीक करते. तपासून घे एकदा."

मला! चौदा वर्षं चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतेय मी! दिवसाला वीस जणांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावते. आणि मला वरच्या मजल्यावरून सल्ला! नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "वहिनी काळजीने बोलल्या असतील." याला टोमणा कळत नाही. कळणार कसा, टोमणाही याच्याच घरचा!

५ ऑगस्ट
सकाळी लेकीला बजावलं — आज तुझे डोळे तपासणार. आणि हे बघ, वरच्यांपुढे आपण कशातच कमी पडायचं नाही. ती म्हणाली, "कशातच?" म्हटलं, कशातच. भाषण छान झालं.

शाळा सुटली की आमची आणि वरची दोघी दुकानातच येतात. वरची म्हणजे जाऊबाईंची. दोघी नऊ वर्षांच्या, एकाच वर्गात, एकाच बाकावर. माझं काम संपेपर्यंत दुकानातल्या बाकड्यावर कुजबुजत बसतात. आज आमचीने अख्खा तक्ता घडाघडा वाचला. शेवटची बारीक ओळसुद्धा! वरचीने तर टाळ्या वाजवल्या.

घरी येताना मुद्दाम एक मजला जास्त चढले. "ताई, नजर अगदी स्वच्छ हो!" जाऊबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई." चेहरा पडला होता त्यांचा. निदान मला तसा दिसला.

१२ ऑगस्ट
गणिताची चाचणी. पंचवीसपैकी आमची तेवीस, वरची चोवीस. "तो एक गुण कुठे गेला?" असं मी लेकीला तीनदा विचारलं. नवरा म्हणाला, "माझ्या पाकिटात बघ." मला हसू आलं नाही.

१४ ऑगस्ट
दोघींच्या वह्या शेजारी ठेवून तपासल्या. (माझा नवा छंद.) उत्तरं तीच, चुकाही त्याच! म्हणजे वरची आमचीचं बघून लिहिते, दुसरं काय! वर्गाच्या बाईंना चिठ्ठी दिली — दोघींना वेगवेगळं बसवा. तीनदा लिहिली. पहिल्या दोन फारच गोड झाल्या होत्या.

१८ ऑगस्ट
जागा बदलल्या. वरची खिडकीपाशी, आमची मागच्या बाकावर. लेक रडली. म्हटलं, होईल सवय.

८ सप्टेंबर
पुन्हा चाचणी. वरचीला नऊ. खरं लिहू? इथे कोण बघतंय! बरं वाटलं. मग आमचीचा कागद उघडला — अकरा. शेजारी बाईंचा शेरा, "फळ्यावरची गणितं चुकीची उतरवते." मी लगेच निदान केलं — लक्ष नाही. उपाय — टीव्ही बंद. डॉक्टर व्हायला हवं होतं मी!

११ सप्टेंबर
आजचं लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितेच.

दुकानातला तक्ता पिवळा पडला होता. आज नवा आला, दुपारी टांगला. मुली आल्यावर लेकीला म्हटलं, चल, उद्घाटन तू कर. खुर्चीत बसवलं. तिने एक डोळा झाकला आणि वाचायला लागली. खणखणीत. न अडखळता.

त्यातलं एकही अक्षर समोर नव्हतं.

जुना तक्ता वाचत होती ती. वरपासून खालपर्यंत, त्याच क्रमाने. शेवटची ओळ न, व, क, र, प — ती तर मीही झोपेत म्हणेन. बाकड्यावरून वरची ओरडली, "अगं थांब, बदललाय तो!"

तेव्हा कुठे मी लेकीला नंबर काढायच्या यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली. दोन मिनिटं लागली. मागच्या महिन्यात ही दोन मिनिटं मला जड झाली होती, कारण जिना चढून वर जायची घाई होती! दोन्ही डोळे उणे अडीच. फळ्यावरचं एक अक्षर दिसत नसणार पोरीला.

वरचीला विचारलं, तर रडतरडत म्हणाली, "फळ्यावरचं मी तिला हळूच वाचून दाखवायचे, काकू. मग ती मला गणित समजवायची. तक्ता मीच पाठ करून घेतला, इथे बसून." मग नाक पुसत म्हणाली, "पण आता ती लांब बसते ना."

लेकीला म्हटलं, अगं, मला का नाही सांगितलंस? खाली बघत म्हणाली, "तिला कुठे चष्मा आहे? तूच म्हणालीस, कशातच कमी पडायचं नाही."

मी आत गेले आणि काचा पुसायच्या फडक्यात तोंड खुपसून रडले. लाज वाटली. भीतीही वाटली — ही पोर माझ्यापासून अजून काय काय लपवेल! चौदा वर्षं लोकांचे डोळे तपासतेय म्हणे. शाब्बास!

१२ सप्टेंबर
फ्रेम वरचीने निवडली. आमची म्हणाली, "तिला नीट दिसतंय, तिलाच निवडू दे."

जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही. दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

१३ सप्टेंबर
शाळेत गेले. बाईंना म्हटलं, चूक झाली, माझी चिठ्ठी फाडून टाका, दोघींना पुन्हा एकत्र बसवा. बाईंनी ड्रॉवर उघडला. "तुमची यातली कुठली?" दोन कागद होते. एक माझा. दुसऱ्यावर जाऊबाईंचं अक्षर. मागणी तीच, तारीख माझ्या आदल्या दिवसाची.

बारा वर्षांत आम्हा जावांचं एकमत झालं, ते या एकाच गोष्टीवर!