ओढा उतरला

१९ जुलै
दरड वाडीवर आली त्याला आठवडा झाला. उरलो ते सगळे ओढ्याच्या अलीकडे, शाळेत. पोलीस पाटील दरडीत गेले, सरपंच मुरबाडला अडकलेत. तेव्हा शिकलेले म्हणून कारभार माझ्याकडे आणि चुलतभाऊ नित्याकडे. अंथरुणावरून भांडलेली म्हातारी माणसंही न्याय मागायला माझ्याकडेच येतात. ऐकतात, याचीच धास्ती वाटते.
नियम एकच: ओढ्यापलीकडे कोणी जायचं नाही. पाणी छातीपर्यंत.

२१ जुलै
बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पलीकडे आमचं भाताचं रोप वाढून चाललंय. त्याचा राब आईने भाजला होता, पालापाचोळा पसरून पेटवून. आई गेली, रोप आहे.
आज एवढंच म्हणाले, "रोप जून झालं का फेकायचंच. मंग वर्सभर काय खाशील गो?"
मी चूल पेटवायला गेले.

२२ जुलै
पाऊस धो धो. नित्या डोंगरवाटेने धसईहून तांदूळ घेऊन आला. "तायडे, तू तं पाटलीण झालीस." सगळे हसले, बाबा सोडून.

२३ जुलै, सकाळ
पाऊस तसाच, पण ओढा उतरलाय. जेमतेम घोट्यापर्यंत पाणी. जनाकाकी म्हणाली, "गावदेव पावला. लावणी उरकून घेऊ." रोपांची पहिली मूठ देवाची, म्हणून हळदकुंकू पदराला बांधून तयार. बाबा डोक्याला फडकं बांधून दाराशी उभे राहिले.
हो म्हटलं. पोरांपाशी मी आणि नित्या राहिलो, बाकी धडधाकट होते ते सगळे गेले. जाताना बाबांनी डोक्यावर हात ठेवला. फार बरं वाटलं.

दुपार
नित्या भांडी घासायला ओढ्यावर गेला आणि तसाच परत आला. "तायडे, पाणीच नाय. नुसते दगड."
एवढ्या पावसात पाणी जाईल कुठे? वरच्या घळीत दरडीची माती पडलीय. तिथे तुंबलं असणार, बांध फुटला की सगळं एकदम खाली येईल. सकाळी हे मला सुचायला हवं होतं. आम्ही सगळे देवाला हात जोडत होतो.
नित्या त्यांना आणायला पळालाय. मला म्हणाला, पोरांजवळ कोणीतरी पायजे. पोरं घंटा बडवतायत, पण पावसात पलीकडे ऐकू जात नाही. काहीच करता येत नाही म्हणून लिहितेय.
बाबा ओढ्याच्या अगदी कडेच्या खाचरात आहेत. मघाशी ओढणी सोडून जोरजोरात हलवली. त्यांनी पाहिलं. हातातली रोपांची मूठ उंच करून मला दाखवली, आणि पुन्हा वाकले.
नित्या अजून ओढ्यातल्या दगडांवरच आहे.