सातव्या परिच्छेदाचं उत्तर

प्रिय ऋतू,

तीनदा तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय. माझा भाऊ आवेज उद्या धुळ्याला कामाला येतोय, तो लिफाफा तुझ्याच हातात देईल. आत आणखी दोन कागद आहेत, पण आधी पत्र वाच.

कनू शाळेत डबा संपवते का? परवा चोपड्याहून तुझ्या आईचा फोन आला होता. मी तब्येत विचारली, तर कुंदाकाकू एकच बोलल्या, "मनी पोर येडी नही शे, मिसबाह. तू तरी सांग त्या कोर्टवालास्ले." मी नुसतं "हो काकू" म्हटलं. रात्री ताट न जेवताच परत केलं. अम्मी विचारत राहिली, मी पित्ताचं निमित्त सांगितलं.

मागच्या मंगळवारी तू कोर्टाच्या आवारातूनच फोन केलास. भूपेंद्रच्या अर्जात सातव्या परिच्छेदात लिहिलंय की तुझं डोकं ठिकाणावर नसतं, तू कनूला मारतेस, म्हणून तिचा ताबा त्याला मिळावा. आणि तुझ्या सहीच्या उत्तरात सात आकड्यासमोर आहे, "हा मजकूर खरा असून मला मान्य आहे." त्याच्या वकिलाने ते जजसमोर मोठ्याने वाचलं. तू रडत म्हणालीस, "मी तर 'खोटा आहे' असं वाचलं होतं गं. की खरंच माझ्या डोक्यात काही झालंय?" मी "बघते" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी ऑफिसातून वकीलसाहेब आणि बाकी सगळे गेल्यावर मी टाइप केलेल्या तुझ्या उत्तराची फाइल उघडली. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदाला आपलं पहिलं उत्तर, दुसऱ्याला दुसरं, अशी चौदा उत्तरं होती. हे आकडे मी टाइप करत नाही, कॉम्प्युटर आपोआप टाकतो. मधला एक गेला की खालचे सगळे एकेक घर वर सरकतात. सहाव्याचं उत्तर वकीलसाहेबांनी मोकळं ठेवायला सांगितलं होतं, तुला एक तारीख विचारून भरायचं म्हणून. ते राहूनच गेलं, तिथे नुसता आकडा होता. बाकी मजकुरात मी घाईघाईत कुठे एकदा एन्टर मारलेलं, कुठे दोनदा. त्यामुळे दोन परिच्छेदांत कुठे बोटभर जागा, तर कुठे एकाला एक चिकटलेले. वकीलसाहेब ओरडले, "कोर्टात द्यायचा कागद आहे की किराण्याची यादी? अंतर सारखं कर." मी सगळं सिलेक्ट केलं, रिकाम्या ओळी एकदम उडवल्या आणि प्रत्येक परिच्छेदाखाली सारखी जागा सोडली. त्यात सहावा मोकळा आकडाही उडाला. सातव्याचं "खोटा आहे" सहाव्यावर जाऊन बसलं. आठव्याला कनू जन्मापासून तुझ्याजवळ आहे एवढंच होतं, म्हणून उत्तर "खरा, मान्य आहे". ते सातव्यावर आलं. चौदाची तेरा उत्तरं झाली, तेही कुणी मोजलं नाही. कागद इतका देखणा दिसत होता, ऋतू, की मी मनातून खूश झाले होते.

नऊ दिवस गप्प राहिले. वकीलसाहेब म्हणत होते, "पुढच्या तारखेला सांगू, बाईंनी न वाचता सही केली." मीही मान हलवली. नोकरी जाईल, जळगावात दुसरा कुठला वकील मला दारात उभं करेल, हेच डोक्यात. काल अब्बूंना सांगितलं. चाळीस वर्षं कपडे शिवलेला माणूस, त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बेटा, कापड आपण चुकीचं कापलं, तर गिऱ्हाईकाला तुझं अंग वाकडं आहे असं सांगायचं नसतं."

आज सकाळी वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जजसाहेब उलटसुलट विचारतील. उभी राहशील?" मी हो म्हटलं. दुरुस्तीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहून दिला. माझ्या नोकरीबद्दल मात्र एक शब्द बोलले नाहीत. जज ऐकतील की नाही, हेही मला माहीत नाही.

लिफाफ्यातला पहिला कागद माझं प्रतिज्ञापत्र आहे. दुसरा म्हणजे तू सहीच्या दिवशी सकाळी ऑफिसच्या बाकावर बसून वाचलास तो प्रिंट. रद्दीच्या खोक्यात सापडला. त्यात सात आकड्यासमोर स्पष्ट आहे, "हा मजकूर खोटा आहे." तू बरोबर वाचलं होतंस. अंतर मी दुपारी नीट केलं, नवा प्रिंट काढला आणि तुला म्हणाले, "तेच आहे गं, फक्त मोकळं-मोकळं केलंय, सही कर." माझ्या शब्दावर तू न बघता सही केलीस. आणि नऊ दिवस तू स्वतःच्या डोक्यावर संशय घेत होतीस, तो मी घेऊ दिला. चूक माफ कर असं म्हणेन, पण ते गप्प राहणं माफ कर असं म्हणायची हिंमत नाही. एकोणीस तारखेला, पुढच्या सुनावणीला, मी कोर्टाच्या दारात उभी असेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण हा कागद हातात पडताच वाच, आणि आईलाही फोनवर वाचून दाखव.

तू ठेवशील तर तुझीच,
मिसबाह