दहा हजार तास आणि आमचं जेवायचं टेबल

३ जानेवारी, सकाळी
ही डायरी मुलाला ऑफिसात फुकट मिळाली, त्याने ती मला दिली. चौथी शिकलेल्या बाईला डायरी म्हणजे टकल्याला कंगवा, असं आमचे हे म्हणाले. म्हणू देत. आजपासून हिच्यात नातीच्या सरावाचे तास लिहायचे. पंचवीस तारखेला कॉलनीच्या हॉलमध्ये टेबल टेनिसची निवड आहे, मुलींच्या संघासाठी. जागा एकच. ती आमच्या नातीचीच, पण रीत म्हणून सराव करायचा.

मुलगा सांगत होता, कुणीतरी मोठा माणूस म्हणतो की दहा हजार तास सराव केला की कोणीही तरबेज होतं. म्हटलं, बावीस दिवसांत बसव. तर हसला आणि ऑफिसला गेला. शिकलेल्यांना हिशेब विचारला की त्यांना घाई होते.

४ जानेवारी
नातीला हॉलमध्ये पाठवायचं नाही असं ठरवलं. तिथे टेबल एकच, आणि त्याला सकाळ-संध्याकाळ चिकटलेली रखवालदाराची मुलगी. बाप झाडतो, ही खेळते. किल्लीच घरात, मग काय विचारता. बापाचे जुने बूट घालते, पुढे कागद कोंबून. आमच्याकडे नवे बूट, तीन बॅटी, मनगटाला घाम पुसायचे पट्टे. शिवाय घराणं म्हणून काही असतं की नाही? माझे वडील एका दगडात झाडावरचं फळ पाडायचे. मी स्वतः आजवर एक माशी चुकवलेली नाही.

आपलं जेवायचं टेबल काय वाईट आहे? गोल आहे, पण टेबल ते टेबल. मधोमध यांची कायद्याची जाडजूड पुस्तकं उभी केली, झालं नेट. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कामाला आली बिचारी.
तास: दोन.

७ जानेवारी
तास: पाच. त्यातला नातीचा अर्धा. पण बाकीचा वेळ ती समोर खुर्चीतच होती, मोबाइल घेऊन. बघणं हासुद्धा सरावच. मी दाखवत होते आणि हे पलीकडून टोलवत होते. यांना काही जमत नाही, पण उभे राहतात, तेवढं पुरे.

सुनेने विचारलं की आम्ही जेवायचं कुठे. म्हटलं, मांडीवर ताट घ्या. घरात माणूस घडत असतं तेव्हा बाकीच्यांना थोडं सोसावं लागतं. तिने ताटं जरा जोरात मांडली. ती बोलत नाही तेव्हा जास्त बोलते.

११ जानेवारी
नातीचं डोकं दुखत होतं. बॅटीच्या खोक्यावर मांजरं काढत बसली. मांजरं छान आली, पण मांजरांनी निवड होत नाही. तिच्या वाटचे तास मीच करून टाकले. तास वाया जाऊ द्यायचे नाहीत. रक्त एकच आहे, पोचतात.
तास: सहा.

१५ जानेवारी
गुडघ्याला पट्टा बांधला. आता डाव्या बाजूने आलेला चेंडूही सुटत नाही माझा. हे हरले की परत एक डाव म्हणतात, ऐकतच नाहीत. नात म्हणाली, आजी, निवडीला तूच जा ना. किती विनय पोरीत! आजकाल जो तो आपलीच टिमकी वाजवतो.

१९ जानेवारी, दुपारी
दुकानात हॉलमध्ये खेळ शिकवणारे सर भेटले. चौऱ्याऐंशी तास झाले म्हणून सांगितलं. डोळेच विस्फारले त्यांचे. विचारलं, टेबल कुठलं? म्हटलं, सागवानी. त्यावर पिशवी उचलून निघालेच. दिपले असणार.

२५ जानेवारी, संध्याकाळी
झालं ते लिहून मोकळी होते. अकरा-एक, अकरा-शून्य. आमचा तो एक गुणही रखवालदाराच्या मुलीने चेंडू नेटमध्ये घातला म्हणून.

ती पोर करायची काय, तर प्रत्येक चेंडू कोपऱ्यात. या कोपऱ्यात, मग त्या कोपऱ्यात. आणि आमची नात मधोमध उभी, पाव्हण्यासारखी. हा कुठला खेळ? सरांना विचारलं, कोपऱ्यात मारायला परवानगी असते का. ते म्हणाले, कोपऱ्यातच मारायचं असतं, आजी. तेव्हा लक्षात आलं. आमच्या टेबलाला कोपरेच नाहीत.

सगळं संपल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "आजी, खेळता का? तुमच्या नातीनं सांगितलं, तुम्ही खेळता म्हणून." खेळले. ती मधोमध टाकत होती, मी सतरा चेंडू परतवले. सतरा! सर म्हणाले, हात छान बसलाय, लहानपणी बॅट हातात आली असती तर. म्हटलं, लहानपणी हातात दोन भावंडं होती, बॅटीला जागा नव्हती. सगळे हसले. मीही हसले.

मग अठरावा तिने कोपऱ्यात टाकला.

२६ जानेवारी
सकाळी नात शेजारी येऊन बसली. डायरी उघडली आणि विचारलं, "आजी, यातले माझे तास किती?" मी बोटांवर मोजले, दोनदा मोजले. एकशे अकरातले साडेसात. म्हणाली, "मग मी नाही हरले गं एवढी." आणि मांजरं काढायला गेली. खुशीत होती.

म्हणून मी हाय खाणारी नाही. पुढच्या वर्षी परत निवड आहे. चूक कळली, निम्मं काम झालं. सुताराला फोन केला, म्हटलं, गोल टेबलाला चार कोपरे जोडून दे. तो आमचा जुनाच सुतार.

तो म्हणाला, "आजी, टेबल चौकोनीच होतं. नात चालायला लागली तेव्हा तुम्हीच कोपरे कापून घेतलेत. पोरीला लागतील म्हणून."

आज सगळे टेबलावर जेवलो.
तास: शून्य.